गुळगुळीत रोमन नाणं हाती आलं तर: ओळख कशी पटवायची, नोंद कशी करायची

मिल्टन कीन्समधल्या आपल्या मंडळींना ए-५ रस्ता चांगला ठाऊक आहे. वायव्येला टोस्टर गावाकडे जाताना तो मैलोन्‌मैल वळायचं नाव घेत नाही. गावाचं नाव लिहितात टाउसेस्टर, पण म्हणतात टोस्टर, ब्रेड भाजायचा तोच. रस्ता सरळ आहे कारण तो रोमनांनी आखला. त्याचं जुनं नाव वॉटलिंग स्ट्रीट, आणि टोस्टर म्हणजे त्यांचं लॅक्टोडुरम. पिकं निघाली की या पट्ट्यातल्या शेतांत मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारी माणसं दिसू लागतात. तीन वर्षांपूर्वी मीही त्यांच्यात जाऊन मिसळलो. पहिल्या दोन महिन्यांची कमाई म्हणजे बाटल्यांची झाकणं, ट्रॅक्टरचे नट आणि काडतुसांची पितळी बुडं. मग एका रविवारी शर्टाच्या बटणाएवढी हिरवट तपकिरी चकती निघाली. क्लबातल्या एका जाणत्या गृहस्थांनी ती बोटावर फिरवली, "ग्रॉट" म्हणाले आणि परत दिली.

ग्रॉट म्हणजे इथल्या डिटेक्टरवाल्यांच्या बोलीत झिजून, गंजून वाचता न येणारं रोमन नाणं. काही जण अशी नाणी सरळ भंगाराच्या डब्यात टाकतात. माझं वाचलं ते निव्वळ आळसामुळे, जॅकेटच्या खिशात पडून राहिलं म्हणून. पुढे त्याच चकतीने मला नाणी वाचायला शिकवलं, तेव्हा तिलाच धरून सांगतो.

आधी परवानगी

इंग्लंड आणि वेल्समध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय डिटेक्टर चालवता येत नाही. परवानगी लेखी घ्या, आणि सापडलेल्या वस्तूची वाटणी कशी होणार तेही त्याच कागदावर आणा. आपल्याकडे "बघू नंतर" म्हणायची पद्धत आहे, ती इथे नडते. सरकारने संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या प्राचीन स्थळांवर वेगळ्या परवान्याशिवाय डिटेक्टर चालवणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे, मालक राजी असला तरी. टेम्सच्या काठावर ओहोटीत शोधायचं असेल तर पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा परवाना लागतो. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे: तिथे सापडलेली पुरातन वस्तू राजसत्तेची मानतात आणि ती कळवावीच लागते. उत्तर आयर्लंडमध्ये तर पुरातन वस्तू शोधायलाच परवाना लागतो. पुढचं सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे.

खड्ड्याशी थांबा

नाणं हातात आल्यावर पहिला मोह होतो तो अंगठ्याने चोळायचा. चोळू नका. आधी फोन काढा आणि जागा टिपा. इथल्या नॅशनल ग्रिडवर जागा दोन अक्षरं आणि काही आकड्यांत लिहितात. सहा आकडे म्हणजे शंभर मीटरचा चौकोन, आठ म्हणजे दहा मीटरचा, दहा म्हणजे एक मीटरचा. फोनमधली साधी ॲपसुद्धा दहा आकडी संदर्भ देतात. "मोठ्या ओकच्या झाडाजवळ" असं लिहून भागत नाही. पुढच्या हंगामात तुम्हालाच तो ओक सापडणार नाही.

प्रत्येक नाण्याला स्वतंत्र छोटं पाकीट द्या. त्यावर पेन्सिलीने तारीख, ग्रिड संदर्भ आणि खोली लिहा. पेनाची शाई ओल्या मातीत पसरते. पाच नाणी एका डबीत खुळखुळवत घरी आणलीत की कुठलं कुठे निघालं हे तुम्हीही सांगू शकणार नाही, आणि एकमेकांवर घासून ती अजून झिजतील ते वेगळंच. नांगर जिथवर पोचतो तेवढ्याच थरात खणायचं. त्याखालची माती हललेली नसते. इशारा त्याहून खोल जात असेल तर खुरपं खाली ठेवा.

हे खुरपं खाली ठेवणं किती मोलाचं असतं याचं उदाहरण इथे सगळे देतात ते फ्रोमचं. २०१० च्या एप्रिलमध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ एका डिटेक्टरवाल्याला मातीच्या भांड्याचं तोंड आणि त्यात नाणी दिसली. त्याने पुढे खणणं थांबवून पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं. त्यांनी भांडं थराथराने रिकामं केलं. नाणी निघाली ५२,५०३, वजन सुमारे १६० किलो. कुठल्या थरात कुठली नाणी होती याची नोंद राहिली, म्हणूनच भांडं बहुधा एकाच वेळी भरलं असावं असा तर्क अभ्यासकांना करता आला. त्याने बादलीभर नाणी उपसून घरी नेली असती तर हा प्रश्न विचारायलाच जागा उरली नसती.

इथेच ट्रेझर कायद्याचंही सांगून टाकतो. १९९६ च्या या कायद्यानुसार सुटं एकटं नाणं सहसा 'ट्रेझर', म्हणजे कायद्याने कळवावाच लागणारा ठेवा, ठरत नाही. पण एकाच ठिकाणची तीनशे वर्षांहून जुनी दोन किंवा जास्त नाणी असतील आणि त्यांत सोनं किंवा चांदी किमान दहा टक्के असेल, तर ती ट्रेझर. सोनं-चांदी त्याहून कमी असलेली, म्हणजे तांब्या-ब्राँझची, दहा किंवा जास्त असतील तर तीही ट्रेझर. अशा वेळी चौदा दिवसांत त्या भागातल्या कॉरोनरला, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची आणि अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. हे प्रत्यक्षात पुढे ज्यांचा उल्लेख येणार आहे त्या अधिकाऱ्यामार्फत होतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. मात्र लपवणं हा गुन्हा आहे.

चिंच स्वयंपाकघरात राहू द्या

तांब्याचा तांब्या काळा पडला की चिंच-मीठ लावून लख्ख करायचा, हे आपल्या हातांत मुरलेलं आहे. माझ्याही होतं. पहिल्या चकतीनंतर महिन्याभराने सापडलेल्या दुसऱ्या नाण्याला मी लिंबू लावलं. हिरवा थर विरघळला आणि खालून गुलाबीसर, खड्डे पडलेला धातू निघाला. चेहरा, अक्षरं, सगळं त्या हिरव्या थरातच होतं. शतकानुशतकं जमिनीत राहिल्यावर नाण्याचा मूळ पृष्ठभाग बऱ्याचदा त्या गंजाच्या पापुद्र्यातच उरतो. थर गेला की नाणं गेलं.

तेव्हा लिंबू, व्हिनेगर, चिंच, कोकम, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, तारेची घासणी, काहीही नको. नाणं सावलीत वाळू द्या आणि सुटी माती मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झटका. चिकटलेली माती तशीच असू द्या. ठेवायला बिनआम्ल कागदाचं पाकीट किंवा पॉलिथिनची पिशवी चांगली. मऊ पीव्हीसीची पारदर्शक पाकिटं मात्र नकोत, कारण ती कालांतराने चिकट होतात आणि धातू खातात. नाण्यावर फिक्या पोपटी रंगाची भुकटी दिसू लागली तर तो ब्राँझचा रोग. मातीतल्या क्लोराइडला हवेतला ओलावा मिळाला की तो बळावतो. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं करा, सिलिका जेलसोबत हवाबंद डबीत कोरडं ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

मोजून घ्या

आता टेबलावर बसा. लागणाऱ्या वस्तू थोड्याच: दहा पट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरचा कॅलिपर आणि सोनारासारखा ग्रॅमचे दोन दशांश दाखवणारा छोटा वजनकाटा. स्वयंपाकघरातला काटा सव्वा ग्रॅमच्या नाण्याला एक ग्रॅम म्हणतो. तो उपयोगाचा नाही.

व्यास मोजताना सगळ्यात रुंद जागा घ्या. वजन लिहा. मग ठशांचा अक्ष, म्हणजे पुढच्या चित्राच्या मानाने मागचं चित्र किती फिरलेलं आहे ते. हा नवशिक्यांकडून हमखास राहतो. नाण्याचा चेहरा सरळ उभा धरा, चिमटीत वरखाली पकडा आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं उलटा. मागच्या चित्राचं डोकं घड्याळात कुठे येतं ते पाहा. सरळ वर असेल तर १२, उलटं असेल तर ६. माझ्या चकतीचे आकडे असे निघाले: व्यास १५ मिलिमीटर, वजन १.३१ ग्रॅम, अक्ष ६.

फोटोही आत्ताच काढा. फ्लॅश नको. खोलीत अंधार करा, नाणं करड्या कागदावर ठेवा आणि टॉर्च जवळजवळ टेबलाला टेकवून एका बाजूने मारा. तिरप्या उजेडात उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि दिवसा कोरी वाटणारी चकती एकदम बोलू लागते. टॉर्च नाण्याभोवती फिरवत आठ-दहा फोटो घ्या, कारण एका कोनातून फक्त हनुवटी दिसते, दुसऱ्यातून फक्त मुकुट. नोंदीसाठी दोन्ही बाजूंचे, मोजपट्टी शेजारी ठेवलेले साधे फोटो लागतात. हे तिरपे फोटो मात्र तुमच्यासाठी. माझ्या चकतीवर दोन माणसं उभी आहेत हे मला पहिल्यांदा रात्री अकरा वाजता, बायको झोपलेली असताना, फोनच्या टॉर्चमध्ये दिसलं.

आधी हे रोमन आहे का?

इथल्या मातीत गुळगुळीत चकत्या पुष्कळ, आणि सगळ्या रोमन नसतात. अठराव्या शतकातले जॉर्ज राजांच्या काळातले हाफपेनी झिजून असेच होतात, पण ते पातळ, एकसारख्या जाडीचे आणि बऱ्यापैकी गोल असतात. सेस्टर्टियस हे रोमनांचं मोठं पितळी नाणं त्यामानाने जाड असतं आणि त्याची कड ओबडधोबड. कोटाच्या चपट्या बटणाच्या मागे कडी तुटल्याची खूण शोधा. पितळेची अगदी पातळ, कागदासारखी चकती असेल तर ते न्यूरेंबर्गमध्ये बनलेलं हिशेबाचं टोकन असू शकतं. शिशाची चकती हातात जड लागते, आणि नखाने रेघ उठते म्हणे. पण पुराव्यासाठी नख लावत बसू नका.

आकार सांगतो काळ

अक्षर न अक्षर पुसलं गेलं तरी आकार आणि धातू पुसले जात नाहीत. ब्रिटनमधला रोमन काळ ढोबळमानाने इसवी सन ४३ ते ४१०. या साडेतीन शतकांत नाणी इतकी बदलली की निव्वळ व्यासावरूनही बऱ्याचदा काळाचा अंदाज येतो.

तीस मिलिमीटरच्या वरचं, वीस-पंचवीस ग्रॅमचं जाडजूड पितळी नाणं म्हणजे सेस्टर्टियस, पहिल्या ते तिसऱ्या शतकातलं. पंचवीस ते अठ्ठावीस मिलिमीटरचं असेल तर ड्युपाँडियस किंवा ॲस. पहिलं पितळेचं, दुसरं तांब्याचं. पण जमिनीतून निघाल्यावर दोन्ही हिरवीच असतात, त्यामुळे फरक करायला सम्राटाचा मुकुट बघतात: नीरोच्या काळापासून ड्युपाँडियसवर बहुधा किरणांचा मुकुट येतो. चांदीचं अठरा-वीस मिलिमीटरचं, सुमारे तीन ग्रॅमचं नाणं म्हणजे डिनॅरियस.

ही मोठी ब्राँझ नाणी बहुतेक वेळा अगदी पाटीसारखी गुळगुळीत मिळतात. कारण ती फार काळ वापरात राहिली. दुसऱ्या शतकात पाडलेले सेस्टर्टियस ब्रिटनमध्ये तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत हातोहात फिरत होते. म्हणजे झीज हा नाण्याचा दोष नाही, ती त्याच्या वापराची नोंद आहे. यासाठीच झीज किती आहे हे नोंदीत वेगळं लिहितात, आणि झीज व गंज यांची गल्लत करत नाहीत. झिजलेलं नाणं मऊ, उतरत्या कडांचं दिसतं. गंजलेलं खरबरीत, खड्ड्याखड्ड्यांचं असतं.

तिसऱ्या शतकात चित्र बदलतं. २१५ मध्ये कॅराकॅला बादशहाने किरणमुकुटाचं नवं चांदीचं नाणं काढलं. पुढे त्यातली चांदी कमी कमी होत २६० नंतर ते जवळजवळ तांब्याचंच राहिलं. याला इथे सगळे 'रेडिएट' म्हणतात. २७५ च्या आसपास लोकांनी त्याच्या घरगुती नकला पाडल्या, कधी नखाएवढ्या छोट्या, चेहरे लहान पोराने काढल्यासारखे. मला त्या अधिकृत नाण्यांपेक्षा जास्त आवडतात, पण ते असो.

चौथ्या शतकातलं नेहमीचं ब्राँझ नाणं म्हणजे नमस. सम्राट डायोक्लेशनने २९४ च्या सुमाराला ते काढलं तेव्हा ते सत्तावीस-अठ्ठावीस मिलिमीटरचं, दहा ग्रॅमचं होतं. मग ते आकसत गेलं. ३३० नंतर सतरा-अठरा, पुढे पंधरा मिलिमीटर. डिटेक्टरवाल्याला मिळणाऱ्या छोट्या हिरव्या चकत्या बहुतेक २६० नंतरच्या रेडिएट नाहीतर ३३० नंतरच्या नमस असतात. माझी पंधरा मिलिमीटरची. तेव्हा हे दोनच पर्याय उरले.

छापा: चेहरा नव्हे, डोक्यावर काय आहे ते बघा

सगळे आधी नाक-डोळे शोधतात. झिजलेल्या नाण्यावर चेहऱ्याचे असे बारकावे लवकर जातात. त्यापेक्षा डोक्याची बाह्यरेषा बघा. डोक्यावरून काटे निघालेले असतील तर किरणमुकुट, म्हणजे छोट्या नाण्यावर तिसरं शतक. डोक्यामागे दोन फिती लोंबत असतील तर पानांची माळ किंवा मोत्यांची पट्टी. ही मोत्यांची पट्टी सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२४ नंतर रूढ केली, त्यामुळे ती दिसली की चौथं शतक पक्कं. शिरस्त्राण आणि डावीकडे वळलेला चेहरा दिसला तर बहुधा 'उर्ब्स रोमा' किंवा 'कॉन्स्टंटिनोपोलिस' ही शहरांच्या नावाची नाणी.

दाढीही कामाची. टेट्रिकस, व्हिक्टोरिनस ही २६० ते २७४ मध्ये गॉल (आजचा फ्रान्स) आणि ब्रिटनवर रोमपासून वेगळं राज्य केलेल्यांतली मंडळी दाढीवाली. कॉन्स्टंटाइन आणि त्याची मुलं तुळतुळीत. माझ्या चकतीवर किरण नव्हते, डोक्यामागे गाठ होती, हनुवटी स्वच्छ होती. चौथं शतक.

काटा: इथेच खरा निकाल लागतो

झिजलेल्या नाण्याची ओळख बहुतेक वेळा मागच्या बाजूवरून पटते. कारण चित्रं ठरावीक आहेत आणि त्यांच्या आकृत्या एकमेकींहून वेगळ्या. अक्षरं नसली तरी सावली पुरते. मी पाठ केलेल्या सावल्या सांगतो.

दोन उभी माणसं समोरासमोर, मध्ये उभे दांडे. हा 'ग्लोरिया एक्झर्सिटस', सैन्याचा गौरव. मधले दांडे म्हणजे ध्वज. दोन ध्वज असतील तर ३३० ते ३३५. एकच ध्वज असेल तर ३३५ ते ३४१. नाणं आकसलं तसा एक ध्वज कमी केला.

खाली कमान, तिच्याखाली दोन ठिपके. ही लांडगी आणि तिची दोन पोरं, 'उर्ब्स रोमा'.  जहाजाच्या नाळेवर उभी पंखवाली विजयादेवी, पंखामुळे एका बाजूला फुगवटा. ही 'कॉन्स्टंटिनोपोलिस'. दोन्ही ३३० पासूनची.

दोन पंखवाल्या विजयादेवी समोरासमोर: ३४७-३४८. उजव्या बाजूला घोडा कोसळतोय आणि डावीकडून सैनिक भाला खुपसतोय: 'फेल टेम्प रेपारेशियो', ३४८ नंतरचं. याच्या नकला इतक्या झाल्या की कधी दहा मिलिमीटरच्या चकतीवर फक्त तिरप्या रेघांचा गुंता उरतो. तो गुंता एकदा डोळ्यात बसला की विसरत नाही.

एकच विजयादेवी डावीकडे चालतेय, हातात पुष्पचक्र: 'सिक्युरिटास रेइपुब्लिके'. मोठं माणूस उजवीकडे जातंय आणि मागे छोट्या माणसाला केसांनी ओढतंय: 'ग्लोरिया रोमानोरम'. ही दोन ३६४ ते ३७८ मधली, सम्राट व्हॅलेंटिनियनच्या घराण्याची, आणि ती खूप मिळतात. ३८८ नंतरच्या अगदी चिमुकल्या नाण्यांवर विजयादेवी कैद्याला ओढताना दिसते. त्यानंतर ब्रिटनला नव्या ब्राँझ नाण्यांचा पुरवठा जवळजवळ थांबला.

रेडिएटवर एकटी उभी आकृती असेल तर फार ताणू नका. ती शांती, आशा, आरोग्य कुणीही असू शकते. वेदी किंवा गरुड दिसला आणि नाणं खराब प्रतीचं असलं, तर मरणोत्तर देवत्व दिलेल्या सम्राट दुसऱ्या क्लॉडियसचं असण्याची शक्यता मोठी. मोठ्या ब्राँझवर आकृतीच्या दोन्ही बाजूंना एस आणि सी ही अक्षरं शोधा. सिनेटच्या ठरावाने, असा त्याचा अर्थ, आणि ती बरीच टिकतात.

अक्षरं उरली असतील तर

अक्षरं डावीकडून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वाचत जा. 'आयएमपी' ने सुरुवात म्हणजे बहुधा तिसरं शतक किंवा त्याआधीचं, 'डीएन' ने सुरुवात म्हणजे चौथं. 'एनओबी सी' म्हणजे युवराज. मागच्या बाजूला तळाच्या रेघेखाली टांकसाळीची खूण असते. पीएलएन किंवा पीएलओएन म्हणजे लंडन. ब्रिटनमधला बंडखोर सम्राट कॅरॉसियस याने सुरू केलेली ही टांकसाळ कॉन्स्टंटाइनने ३२५ मध्ये बंद केली. टीआर ट्रिअरचं, एलजी किंवा एलव्हीजी लिऑचं, एसआयएस सिस्कियाचं. पण हा भाग कडेला असल्याने सगळ्यात आधी झिजतो. दिसला तर नशीब.

मला टॉर्चमध्ये तीन अक्षरं मिळाली: एन, एस, टी. मी उडालोच. कॉन्स्टंटाइन! अडचण अशी की त्याच्या मुलांची नावं होती कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टँशियस आणि कॉन्स्टन्स. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, तेव्हाही एक पिढी तरी सोडतात. या घराने सोडलीच नाही. तिन्ही अक्षरं चौघांच्याही नावात आहेत.

नोंद लिहिताना

मग एका वहीत लिहा. दिसतं ते एका बाजूला, वाटतं ते दुसऱ्या बाजूला. "उजवीकडे वळलेलं डोकं, मोत्यांची पट्टी" हे दिसतं. "कॉन्स्टंटाइन पहिला" हे वाटतं. ही सरमिसळ झाली की पुढचा वाचणारा तुमच्या इच्छेलाच पुरावा समजतो. खात्री नसेल तर 'बहुधा', 'शक्य' असे शब्द वापरायला लाजू नका. 'सम्राट अनिश्चित, नमस, ३३० ते ४०२' ही पूर्ण आणि चांगली नोंद आहे.

तुलनेसाठी अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीचा रोमन सम्राटांच्या नाण्यांचा ऑनलाइन कोश फुकट बघता येतो. त्यात चित्राच्या वर्णनावरूनही शोधता येतं. एक सावधगिरी: कोशातली नाणी निवडक, ठसठशीत असतात. त्यांच्याकडे तासभर बघून आपल्या चकतीकडे वळलात की तिच्यावर नसलेल्या रेघाही दिसायला लागतात. आधी वही, मग कोश.

काळ लिहिताना नाणेतज्ज्ञ रिचर्ड रीस यांनी पाडलेले २१ कालखंड इथे सर्रास वापरतात. पहिला इसवी सन ४१ पर्यंतचा, एकविसावा ३८८ ते ४०२. एका गावात कुठल्या कालखंडाची किती नाणी मिळाली हे दुसऱ्या गावाशी ताडून बघतात, मग कुठे वस्ती कधी वाढली, कधी ओसरली ते दिसतं. यासाठी सम्राटाचं नाव लागत नाही. कालखंड आणि जागा एवढं पुरतं. ग्रॉट डब्यात टाकणारे नेमकं हेच टाकून देतात.

अधिकाऱ्याकडे

पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम ही योजना १९९७ मध्ये सुरू झाली, आता ती ब्रिटिश म्युझियम चालवतं. जिल्ह्याजिल्ह्यात तिचे फाइंड्स लिएझन ऑफिसर आहेत, बोलताना सगळे एफएलओ म्हणतात. ते संग्रहालयात किंवा क्लबच्या बैठकीला येतात. ट्रेझर नसलेली वस्तू दाखवणं ऐच्छिक आहे आणि फुकट आहे. पाकिटं, जागेचे संदर्भ आणि तुमची वही घेऊन जा. ते नाणं ठेवून घेतात, पावती देतात, मोजून फोटो काढून योजनेच्या सार्वजनिक डेटाबेसमध्ये चढवतात. परत मिळायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, तेव्हा मागे लागू नका. नेमकी जागा जगाला दाखवत नाहीत. ती ढोबळ करून देतात, म्हणजे चोर डिटेक्टरवाले रात्री शेतात उतरत नाहीत.

परत आलेलं नाणं गावी दाखवायला सुटकेसमध्ये टाकून नेऊ नका. इथल्या जमिनीतून निघालेल्या पुरातन वस्तूंना निर्यात परवान्याचे नियम आहेत. आधी अधिकाऱ्यालाच विचारा.

आणि गावाकडे कुणाला असं काही सापडलं तर? तिथला कायदा वेगळा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. भारतात मिळणारी रोमन नाणी मुख्यतः दक्षिणेतली, ऑगस्टस आणि टायबेरियसची चांदीची, आणि सोन्याची.  मात्र आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रोमन नाण्यांवरून घडवलेली मातीची पदकं मिळाली आहेत. सुट्टीत जमलं तर तिथलं लामतुरे संग्रहालय बघून या.

माझ्या ग्रॉटची नोंद

मी वहीत ठळक लिहून नेलं होतं: "कॉन्स्टंटाइन पहिला." अधिकारी बाईंनी नाणं खिडकीशी नेलं, तिरपं धरलं, दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग दोन सैनिकांच्या मधल्या फटीकडे बोट दाखवलं. तिथे एकच रेघ होती. "एक ध्वज," त्या म्हणाल्या. व्यास आणि वजनही त्याला जुळत होतं. त्यांनी माझ्या वहीतलं बाकीचं सगळं तसंच ठेवलं, फक्त एका नावावर पेन्सिलीने रेघ मारली. तीन महिन्यांनी डेटाबेसमध्ये आलं ते असं:

तांब्याच्या मिश्रधातूचा नमस. कॉन्स्टंटाइनचं घराणं, सम्राट अनिश्चित. छापा: उजवीकडे वळलेलं डोकं, मोत्यांची पट्टी, लेखातली एन, एस, टी एवढीच अक्षरं. काटा: ग्लोरिया एक्झर्सिटस, दोन सैनिक, एक ध्वज. टांकसाळ अनिश्चित. इसवी सन ३३५ ते ३४१, रीस कालखंड १७. १५ मिलिमीटर, १.३१ ग्रॅम, अक्ष ६. खूप झिजलेलं.

पाकिटावर आता पेन्सिलीने डेटाबेसमधला नोंद क्रमांक आहे. क्लबातल्या त्या गृहस्थांना दाखवला तेव्हा ते घरी गेले आणि पुढच्या रविवारी भंगाराचा डबा घेऊन आले.